महागाचा वास

दाभोळच्या धक्क्यावर लाँच लागली तेव्हा मी दुकानासमोर उभा राहून रॉकेलचे डबे उतरवून घेत होतो. लाँचीवरचा एक खलाशी माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. एरवी तो पाण्यातूनच हाक मारतो. त्या दिवशी हाक न मारता जवळ आला, डोक्याची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "भाऊ, रत्नागिरीची आत्या गेली तुमची. परवा सकाळीच गेली. निरोप आणणारा कोण मिळाला नाय..." मी त्याला म्हटलं, "बरं." आणि पुन्हा डब्यांकडे वळलो. एक डबा गळत होता. त्यावरून मी हमालावर इतका ओरडलो की शेजारचा दुकानदार बाहेर आला. माणसाला रडू येत नाही तेव्हा तो कोणावर तरी ओरडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

या पुरवणीच्या वाचकांनी माझ्या यमूआत्याला ओळखण्याचं काहीच कारण नाही. ती खालच्या आळीबाहेर फारशी कधी गेली नाही. बाराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली आणि पुढचं सगळं आयुष्य लाल आलवणात, चुलीपुढे आणि विहिरीवर गेलं. माझे आईवडील साथीत गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तिने मला वाढवलं. जीभ तिखट, हात सढळ, आणि नाक... नाकाबद्दल तर आमच्या आळीत आख्यायिका होत्या. आंबा देठाशी हुंगून तो कुठल्या बागेतला हे ती सांगायची, आणि बागवाले मान डोलवायचे. दूध उतू जाण्याआधी तिला विहिरीवर कळायचं. तिला व्यसन म्हणाल तर एकच, मशेरीचं. बाजारातून आणलेला तंबाखू ती मागच्या पडवीत, आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीवर, खापरावर भाजायची. काळा होईस्तोवर भाजून, चुरून, डबीत भरायची आणि सकाळी दातांना लावून बसली की अर्धा तास कोणाशी बोलायची नाही. "मेल्या, आता बोलू नको, तोंड भरलंय," हेदेखील ती हातानेच सांगायची.

मी घरी आलो की ती आधी माझ्या कोटाची बाही नाकाशी न्यायची. मागच्या गणपतीत शेवटचा भेटलो तेव्हाही उंबऱ्यातच बाही धरली. "रॉकेल सांडलंस अंगावर. आणि सुकटीच्या पोत्याला टेकून बसला होतास." खरं होतं. मी हसलो. वर्षानुवर्षं ती असंच करत आली होती आणि मी दरवेळी हसत आलो होतो. या खोडीमागे काही असेल असं माझ्या मनात कधी आलं नाही.

आता जी गोष्ट सांगायची ती बारा वर्षांपूर्वीची, सव्वीस-सत्तावीस सालची. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि रत्नागिरीत मांडवीच्या वाटेवर हसनशेठ यांचं विलायती मालाचं दुकान होतं, तिथे कारकून होतो. बिस्किटं, साबण, जॅम, बाटल्या आणि सिगारी. गिऱ्हाईक म्हणजे कचेरीतले साहेब, वकील, आणि पेन्शन घेऊन गावी आलेले बडे लोक. हसनशेठ भला माणूस, पण मालाच्या बाबतीत काटेकोर. श्रावणात मुंबईहून पार्सलने मनिला सिगारींची एक पेटी आली. पंचवीस सिगारी, प्रत्येकीच्या कमरेला सोनेरी कागदाची पट्टी. ती पेटी पेन्शनर सबजज्ज रावसाहेबांनी मागवली होती. कलेक्टरसाहेब त्यांच्याकडे चहाला यायचे होते. शेठनी झाकण उघडून पाहिलं तर वरच्या दोन सिगारींवर बुरशीची पांढरी लव. कोकणातला श्रावण, त्यात दुकानाचं छप्पर गळकं. शेठ म्हणाले, "दामू, तुझ्या घरी चुलीवर ताटी टांगलेली हाय ना? आमसुलां सुकवता ना तिच्यावर? तशीच ही पण सुकव. आठ दिवस ठेव आणि घेऊन ये."

आता कोणी म्हणेल, सिगार का आमसूल आहे? पण आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे पावसाळ्यात जे बुरसटतं ते चुलीवर टांगतात. बियाणं टांगतात, काजू टांगतात, एकदा तर शेजारच्या मास्तरांनी शब्दकोश टांगला होता. आत्याने पेटी पाहिली, नाक मुरडलं आणि सांगितलं, "माझ्या सोवळ्यातल्या चुलीवर नको हो. मागच्या चुलीवर ठेव." ठेवली. आठ दिवस पेटी बांबूच्या ताटीवर, खाली नारळाच्या सोडणांचा आणि कोळशाचा धूर.

हा पुढचा भाग लिहायला मला चार दिवस लागले. आठव्या दिवशी, रविवारी, मी त्या पेटीतली एक सिगार उचलली. पुस्तकांत साहेब लोक ओढतात, वकील ओढतात, मग आपण जन्मभर फक्त पुड्या बांधायच्या का... असलं काहीतरी तेव्हा डोक्यात होतं. सोनेरी पट्टी अलगद सरकवून काढली, बाजारातून आणलेल्या तशाच जाडीच्या काळ्या चिरुटीवर चढवली आणि ती चिरूट पेटीत तळाशी ठेवली. मग भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत, सुरूंच्या आड बसून मी ती मनिला सिगार पेटवली. खोटं कशाला बोलू, निम्मी ओढेपर्यंत मला मळमळायला लागलं. विझवली आणि उरलेली पुन्हा कधीतरी ओढू म्हणून कोटाच्या खिशात टाकली. काळा अल्पाकाचा कोट, एकुलता एक. दुसऱ्या दिवशी पेटी दुकानात पोचली आणि तिथून रावसाहेबांकडे.

देवाची करणी म्हणा की माझ्या पापाची, रावसाहेबांच्या नोकराने पेटीतल्या सिगारी तबकात उलट्या मांडल्या, तळातल्या वर आल्या आणि कलेक्टरसाहेबांच्या हाती नेमकी ती चिरूट आली. साहेबाने दोन झुरके घेतले, काही न बोलता ती बशीत विझवली आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. रावसाहेबांना ते न बोलणं झोंबलं; साहेब गेल्यावर त्यांनी बशीतलं थोटूक उकलून पाहिलं, तर आत बाजारी तंबाखू. दुसऱ्या दिवशी काठी आपटत ते दुकानात आले. "हसनशेठ, पेटी मनिलाची आणि माल बाजारचा! तुमच्या या कारकुनाने सगळी पेटी घरी नेऊन उपसली आहे. आठ दिवस त्याच्या घरी होती म्हणता ना?" शेठ माझ्याकडे बघत राहिले. मी शपथ घेऊन सांगितलं की पेटीतला माल तोच आहे. चोवीस सिगारींपुरतं ते खरं होतं. पण एक मी घेतली हे कबूल केलं असतं तर उरलेल्या चोवीस घेतल्या नाहीत यावर कोणी विश्वास ठेवला असता? रावसाहेब म्हणाले, "ठीक. मी सबजज्ज होतो. पुराव्याशिवाय कोणाला पोलिसात देत नाही. रविवारी दुपारी माझ्या ओटीवर या. डोळे बांधून ओढून पाहू. पेटीतला माल महागाचा आहे की नाही, ते जाणकार सांगतील. नाही ठरला, तर त्याच पावली फौजदाराकडे."

त्या रविवारी निघायच्या वेळी खुंटीवर कोट नव्हता. "कोट कुठाय?" मी विचारलं. आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गड्याला दिला काल. विटला होता." खिशातल्या थोटकाची मला त्या गडबडीत आठवणही झाली नाही, मी नुसता संतापलो. चार बड्या माणसांत मला सदऱ्यावर जावं लागणार होतं, आणि हिला दानधर्म आजच सुचला! तोंडाला येईल ते बोललो. "तुला काही कळतं का? आज माझी अब्रू जायची वेळ, आणि तू..." ती नुसती सुपात तांदूळ पाखडत राहिली. मी खांद्यावर उपरणं टाकून निघालो. रावसाहेबांच्या ओटीवर पाय ठेवला तर त्यांचा पहिला प्रश्न तोच. "आज कोट नाही?" मी सांगितलं, गड्याला दिला. त्यांनी भुवया उंचावल्या.

ओटीवर तीन जाणकार बसले होते. एक वकील, एक डॉक्टर आणि शाळेचे हेडमास्तर. रावसाहेबांनी स्वतः त्यांच्या डोळ्यांवर उपरणी बांधली. दारातून त्यांची पत्नी माई बघत होत्या. एका तबकात पेटीतल्या सिगारी, पट्ट्या काढलेल्या. दुसऱ्यात बाजारच्या चिरुटी. शेठनी एकेक पेटवून हातात द्यायची, ओढणाऱ्याने दोन्ही चाखून महागाची कुठली ते सांगायचं. एरवी ही गंमत झाली असती. वकिलांनी बाजारी चिरुटीचा झुरका घेतला, मान मागे टाकली आणि म्हणाले, "वा! ही मनिला. पान कसं मऊ आहे!" मग पेटीतली खरी सिगार तोंडात धरून त्यांना ठसका लागला. डॉक्टरांनीही बाजारचीच महाग ठरवली. हेडमास्तरांनी आधी एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली सांगितली आणि शेवटी घोटभर पाणी मागितलं. चूक त्यांची नव्हती. आठ दिवस धूर खाऊन खऱ्या सिगारी करकरीत वाळल्या होत्या, आणि बाजारच्या चिरुटी दमट हवेत मऊ राहिल्या होत्या. महाग ते मऊच असणार, हे त्यांनी मनाशी ठरवून ठेवलेलं. आम्हीच सुकवून माझ्याविरुद्धचा पुरावा तयार केला होता. रावसाहेब उठले, काठी घेतली आणि नोकराला म्हणाले, "फौजदारांना बोलाव."

तेवढ्यात माईंच्या मागून आवाज आला. "थांबा जरा. पुरुषमाणसांनी ओढून पाहिलंत. मी भाजून बघते. महागाचा वास मला ठाऊक आहे." आत्या मागच्या दाराने केव्हा आली होती कोणास ठाऊक. वकील हसले. डॉक्टरही हसले. रावसाहेब मात्र हसले नाहीत. "बाई, हा काही मशेरीचा प्रश्न नाही." "तंबाखूचाच आहे ना? मग मशेरीचाही आहे," आत्या म्हणाली. "चाळीस वर्षं भाजत्ये. डोळे बांधा, हवे तर हात बांधा. नाक तेवढं मोकळं ठेवा."

मागच्या पडवीत चूल पेटवली. माईंनी खापर आणून ठेवलं आणि स्वतःच्या हाताने आत्याचे डोळे बांधले. आम्ही सगळे भिंतीशी उभे. शेठनी एक सिगार कुस्करून चिमूटभर चुरा खापरावर टाकला. आत्याने काडीने तो परतला आणि खाली वाकून हुंगला. "ही महाग. धूर माझ्या चुलीचा लागलाय, पण पान त्याच्या खाली वेगळंच आहे. गोड." बरोबर होतं. दुसरी चिमूट. "ही बाजारची. हिला मी रोज तोंडात धरते." बरोबर. तिसरी महाग, चौथीही महाग. पाचव्या वेळी शेठनी फसवायचं म्हणून काहीच टाकलं नाही. ती पुन्हा वाकून हुंगून म्हणाली, "शेठ, खापर मोकळं आहे." हेडमास्तर टाळी वाजवणार होते, पण रावसाहेबांचा चेहरा बघून त्यांनी हात आवरले. शेठ मोठ्याने म्हणाले, "झाला ना रावसाहेब? पेटीत माल खरा हाय. पोरगा सुटला!" पण रावसाहेब जाग्यावरून हलले नाहीत.

"बाई, एक विचारू?"

"विचारा."

"महागाचा वास ठाऊक आहे, असं तुम्ही आल्याआल्याच म्हणालात. भाजून बघण्याआधीच. दुकानात तुम्ही कधी जात नाही. तुमच्या घरात सिगार ओढणारं कोणी नाही. मग हा वास तुम्हाला ठाऊक कुठून?"

निखाऱ्यांत सांडलेला चुरा जळत होता आणि त्याचा कडवट धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता. मला उत्तर ठाऊक नव्हतं. पण रावसाहेब कुठे निघालेत ते मला कळलं होतं. पेटी खरी ठरली, म्हणजे साहेबाच्या हाती आलेली ती एक कोणीतरी बदललेली ठरत होती. आता बोट पेटीवरून निघून माणसावर येणार होतं. मी तोंड उघडलं असतं तर... दोन शब्दांचं काम होतं. "मी घेतली." मी चुलीकडे बघत राहिलो.

आत्याने डोळ्यांवरची पट्टी सोडली नाही. तशीच बसून म्हणाली, "मी भाजली एक. माझ्या चुलीवर आठ दिवस टांगलेली, वास येत होता, राहवलं नाही. एक काढून मशेरी केली. तिच्या जागी बाजारातली ठेवली, पट्टी चढवून. पोराला यातलं काही ठाऊक नाही."

रावसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, उपरण्यातून दिसणाऱ्या सदऱ्याकडे. मी मान खाली घातली. शेवटी ते म्हणाले, "जा बाई घरी." माईंनी पट्टी सोडली, पण हात देऊन उठवलं नाही. आत्या स्वतःच गुडघ्यावर हात टेकून उठली.

माझी नोकरी राहिली. पुढे शेठनी दाभोळचं दुकान माझ्या हवाली केलं, ते माझ्या प्रामाणिकपणावर खूश होऊन. आणि आत्या खालच्या आळीत "चिरूटवाली" झाली. माईंकडे ती दर वर्षी पापड लाटायला जायची, ते बोलावणं त्या वर्षीपासून बंद झालं. देवळात कीर्तनाला बसली की बायका आपली पानतंबाखूची चंची जवळ ओढून घ्यायच्या. हे मी ऐकत होतो, बघत होतो. रावसाहेबांकडून घरी आल्यावर त्याच दिवशी तिने आपलं मशेरीचं खापर विहिरीच्या कट्ट्यावर आपटून फोडलं आणि पुन्हा म्हणून मशेरी लावली नाही. दात ठणकले, चिडचिड झाली, कोळशाने आणि मिठाने दात घासले, पण नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "चोरीची चव आता तोंडात नको." तिने माझ्याकडे कधी बोट दाखवलं नाही, कधी विचारलंही नाही.

आता माझ्या नीचपणाची परिसीमा सांगतो. तिच्या "मी भाजली एक" या वाक्याला धरून मी बारा वर्षं जगलो. मी स्वतःला सांगायचो: एक मी घेतली, हे खरं. पण तिनेही एक घेतली नसेल कशावरून? वास तर तिला खरंच ओळखता आला. मशेरी तर तिने खरंच सोडली, म्हणजे मनाला काहीतरी खात असेल. पेटीत दोन बदललेल्या असतील, दुसरी कोणाच्या लक्षात आली नसेल... चोवीस सिगारी नंतर कोणी एकेक करून तपासल्या होत्या? बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझी काडी म्हणजे माझी आत्याही चोर असणं. तिच्यापुढे जेवायला बसताना मला ही काडी लागायची. दरवेळी ती बाही हुंगायची तेव्हाही मी हसायचो, ते या काडीच्याच जोरावर.

निरोप मिळाला त्याच दिवशी लाँचीने निघालो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेजाऱ्यांनी केलं. तेराव्यानंतर तिची ट्रंक उघडली. दोन आलवणं, एक जपमाळ, माझी लहानपणची कुंची, रिकामी मशेरीची डबी. आणि तळाशी, जुन्या धाबळीत गुंडाळलेला, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेला माझा अल्पाकाचा कोट. गड्याला दिलेला. पाला काळा पडून चुरा झाला होता, पण कोट अजून धड होता. आतली बाजू बाहेर करून घडी घातली होती. घडी उलगडली तर डाव्या खिशाचं तोंड शिवलेलं. बारीक, एकसारखे, तिच्याच हातचे टाके. मी बाहेरून चाचपलं. आत करंगळीएवढं काहीतरी होतं, एका टोकाला जळून खरखरीत झालेलं.

तेव्हा मला कळलं की महागाचा वास तिला कुठून ठाऊक होता. रविवारी संध्याकाळी मी भाट्याहून आलो, कोट खुंटीला लावला, आणि नेहमीप्रमाणे तिने बाही नाकाशी नेली असणार. तिने पेटीतली एकही सिगार काढली नव्हती. चाळीस वर्षांची मशेरी तिने सोडली ती तिचं खोटं खरं दिसावं म्हणून, आणि त्याने ते सगळ्यांत आधी मला खरं वाटलं. रावसाहेबांकडे मी तो कोट घालून गेलो असतो तर त्यांच्या नाकालाही तेवढं कळलं असतं. म्हणून तो खुंटीवरून गेला होता. आणि मी तिला म्हटलं होतं, तुला काही कळतं का.

रावसाहेब दोन वर्षांपूर्वी वारले. माई आहेत. त्यांना मी भेटून आलो, सगळं सांगितलं. त्या आत गेल्या आणि पापडाच्या पिठाचा एक गोळा केळीच्या पानात बांधून माझ्या हाती दिला. कोणासाठी, ते त्यांनाही सुचलं नसावं. मी तो आत्याच्या चुलीपाशी ठेवला.

कोट मी दाभोळला आणला आहे. दुकानात, माझ्या बसायच्या जागेमागच्या खुंटीवर असतो. सकाळी दुकान उघडलं की त्याची बाही नाकाशी नेतो. तंबाखूचा वास आता उरलेला नाही, नुसता कडुनिंबाचा येतो. शेजारचा दुकानदार परवा म्हणाला, खिसा कसा काय शिवलाय, द्या, माझ्या शिंप्याकडून उसवून आणतो. मी त्याला हातसुद्धा लावू दिला नाही.